पिशवी काढण्याआधी

ओटीपोट दुखतं, कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं. मुखेड तालुक्यातल्या बायका दवाखान्यात या तीन तक्रारी एका दमात सांगतात आणि बहुतेक वेळा उत्तरही एका दमात मिळतं: पिशवीला सूज आहे. मग सलाईन, इंजेक्शन, आठ दिवसांच्या गोळ्या. थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा दुखायला लागतं. दुसरा दवाखाना, दुसरी सोनोग्राफी. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की कुणीतरी म्हणतं, मुलंबाळं झालीत ना, आता ती पिशवी ठेवून काय करायचं? काढून टाका, कायमची कटकट जाईल.

तुमचं ओटीपोट सहा महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल, रोज किंवा येऊन-जाऊन, तर पिशवी काढायचा निर्णय घेण्याआधी हा लेख वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. असं जुनं दुखणं पुष्कळदा पिशवीचं नसतं. बेंबीच्या खाली, माकडहाडाच्या पुढे, एवढ्याशा जागेत लघवीची पिशवी आहे, आतडी आहेत, स्नायूंचा एक जाड पट्टा आहे, नसा आहेत, कमरेचे सांधे आहेत आणि गर्भपिशवीही आहे. दुखायला लागलं की दोष मात्र एकट्या गर्भपिशवीवर येतो. आणि जे दुखणं आतड्याचं किंवा स्नायूचं आहे, ते पिशवी काढून जाणार कसं?

बीड जिल्ह्यात याचा कडेलोट झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. यात पंचवीस-तिशीतल्या पोरीही होत्या. पाळीच्या दिवसांत काम थांबवावं लागलं तर खाडा पडतो, मुकादम दंड कापतो, उचल फिटत नाही. त्यात कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, आणि बाई कर्ज काढून ऑपरेशन करून येते. मुखेड, कंधार, लोहा या आपल्या तालुक्यांतूनही दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. बीडमध्ये पाहणी झाली म्हणून तिथलं दिसलं, इतकाच फरक.

पण म्हणून बायकांचं दुखणं खोटं आहे किंवा मनाचं आहे, असं कुणी समजू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा एक तरी आजार निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. माझ्या मते अडचण इथेच आहे. बाई वर्षानुवर्षं अंगावर काढते, कुणी नीट तपासत नाही, आणि जेव्हा अखेर दवाखान्यात जाते तेव्हा मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचते. या मधल्या पायऱ्याच खऱ्या कामाच्या आहेत.

दुखणं कुठून येतं

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: पाळीशी संबंध आहे का? पाळीच्या दोन-चार दिवस आधी सुरू होऊन पाळीत असह्य होणारं, वर्षागणिक वाढत जाणारं दुखणं, सोबत नवऱ्याजवळ जाताना आत खोल कळ, पाळीत शौचाला बसताना दुखणं, मूल राहायला उशीर, असं चित्र असेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी. पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यावर वाढतो आणि दर महिन्याला तिथे सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येणाऱ्या दहा बायकांमागे एकीला हा आजार असतो. तरीही तो ओळखायला कित्येक वर्षं जातात, कारण “पाळीत दुखायचंच, लग्न झाल्यावर जाईल” हे आई, सासू आणि कधी कधी डॉक्टरही सांगतात. साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसतही नाही. तोच थर पिशवीच्या भिंतीत शिरला तर पिशवी मोठी होते, रक्त जास्त जातं आणि पाळीत कळा येतात. हा त्रास साधारण पस्तिशी-चाळिशीत जास्त दिसतो.

दुसरं कारण जंतुसंसर्ग. बाळंतपण, गर्भपात किंवा नवऱ्याकडून आलेला संसर्ग पिशवीतून नळ्यांपर्यंत चढतो. घाण वासाचं, पिवळट-हिरवट पाणी जातं, ताप येतो, खाली दाबलं की दुखतं. वेळीच पूर्ण उपचार झाला नाही तर आत चिकटे धरतात आणि दुखणं मुक्कामाला येतं. सरकारी दवाखान्यात यासाठी पिवळ्या रंगाचं, सहा नंबरचं किट असतं. त्यातल्या गोळ्या १४ दिवसांच्या असतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तोच जंतू परत येतो. नवरा “मला काय झालंय?” म्हणतो, पण पुरुषाला बहुधा काही जाणवतच नाही, हे त्याला डॉक्टरांकडूनच सांगवून घ्या. आणि एक लक्षात ठेवा: पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं, वास नसलेलं, खाज नसलेलं पातळ पांढरं पाणी हा आजार नाही. त्याने हाडं झिजत नाहीत की कंबर दुखत नाही.

आपल्याकडे क्षयरोग अजून संपलेला नाही आणि तो फुप्फुसाइतकाच गुपचूप पिशवीत आणि नळ्यांतही शिरतो. पाळी कमी होत जाणं, मूल न राहणं, बारीक ताप, वजन घटणं आणि ओटीपोटात सततची ओढ असं एकत्र असेल तर तपासायला सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.

आता पिशवीबाहेरची कारणं. यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

लघवीची पिशवी भरत आली की दुखतं आणि मोकळी झाली की उतरतं, दिवसातून पंधरा-वीस वेळा जावं लागतं, पण लघवीचा रिपोर्ट दर वेळी चांगला येतो: हे लघवीच्या पिशवीचं दुखणं आहे. याला परत परत अँटिबायोटिक देऊन उपयोग होत नाही. फडावर, वीटभट्टीवर, हैदराबादच्या बांधकामावर बायकांना आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवतात. त्याने हे दुखणं वाढतं आणि खरा संसर्गही होतो.

शौचाला जाऊन आल्यावर दुखणं हलकं होत असेल, कधी जुलाब कधी खडा, पोट फुगत असेल, तर आतड्याकडे बघा. हा त्रास फार बायकांना असतो आणि पाळीत तो वाढतो, म्हणून पिशवीचा वाटतो.

मग स्नायू. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत एक स्नायूंचा झोळा असतो. तो लघवी, शौच आणि पिशवी सगळ्यांना खालून धरतो. दिवसभर वाकून तोडणी, डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, हंडे, बाळंतपणानंतर महिन्याभरात रानात जाणं, यांनी हे स्नायू एकतर सैल पडतात नाहीतर कायमचे आवळून बसतात. सैल पडले तर “अंग बाहेर येतं”, खाली भार आल्यासारखं वाटतं. आवळले तर बसल्यावर दुखतं, संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच दुखतं, दिवस मावळेपर्यंत ठणका वाढतो. सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही. डॉक्टरांनी बोटाने तपासून स्नायू दाबून पाहिला तरच कळतं.

आणखी एक कारण. महाराष्ट्रात लग्न झालेल्या निम्म्या बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं, शिवाय सिझेरियन वाढलेत. टाक्यांच्या कडेला एखादी नस अडकली तर एका ठरावीक जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं. याची चाचणी घरी करता येते. उताणं झोपा, दुखणाऱ्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि उशीवरून डोकं व खांदे थोडे वर उचला. डोकं उचलल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीचं आहे, आतल्या अवयवाचं नाही. त्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन दिल्यावर पुष्कळ जणींना मोठा आराम पडतो. एवढ्यासाठी कुणाची पिशवी जाऊ नये.

बहुतेकींना यातलं एकच कारण नसतं, दोन-तीन एकत्र असतात. शिवाय दुखणं जुनं झालं की नसाच हळव्या होतात. जू घासून बैलाच्या मानेला झालेली जखम भरते, पण पुढे कितीतरी दिवस नुसता हात लावला तरी तो अंग झटकतो. तसंच ओटीपोटाचं होतं. मूळ कारण कमी झालं तरी दुखणं राहतं. झोप नसेल, घरात मारहाण असेल, मन खचलेलं असेल तर ते आणखी चढतं. याचा अर्थ बाई नाटक करते असा नाही. दुखणं खरंच असतं, फक्त त्याला आता नसांचं आणि मनाचंही औषध लागतं.

कालनिर्णयावरच्या खुणा

दवाखान्यात जायच्या आधी दोन महिने एक काम करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या दिवसांना लाल टिकली लावा. दुखलं त्या दिवशी एक रेघ, काम थांबवावं लागलं तर दोन रेघा, उठवलंच नाही तर तीन. संबंधानंतर, लघवीला किंवा शौचाला दुखलं तर बाजूला एक छोटी खूण. लिहिता-वाचता येत नसेल तरी हे जमतं. दोन महिन्यांचं हे पान डॉक्टरांसमोर ठेवलं की त्यांना दोन मिनिटांत जे कळतं, ते चार सोनोग्राफींतून कळत नाही.

सांगताना “सगळंच दुखतं” असं सांगू नका. कुठे दुखतं ते बोटाने दाखवा. कळ आहे, मुरडा आहे, ठणका आहे की आग होते, ते सांगा. संबंधाच्या वेळी दुखतं हे आपण लाजून सांगत नाही आणि अर्धं निदान तिथेच अडतं. सासू किंवा नवरा सोबत असेल आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल तर “मला एकटीला बोलायचंय” म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत नर्स असलीच पाहिजे. तसं मागून घ्या.

कुठे जायचं, काय तपासायचं

सुरुवात गावातल्या आशाताईपासून किंवा उपकेंद्रापासून करा. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांबच्या बाजूच्या बायकांनी पहिल्या तपासण्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि पुढे मुखेडचं उपजिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथे निदान लागलं नाही, दुर्बिणीची तपासणी लागली किंवा दुसरं मत हवं असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. मोठा उपचार लागला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

पहिल्या खेपेला एवढं व्हायलाच हवं: हाताने पोटाची आणि आतली तपासणी, लघवीची तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन, गरोदरपणाची चाचणी आणि तिशी उलटली असेल तर गर्भाशयमुखाची व्हिनेगर लावून केलेली तपासणी. ही शेवटची तपासणी पाच मिनिटांची आहे, सरकारी दवाखान्यात होते, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या भीतीला खरं उत्तर तिच्यातून मिळतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. रक्त कमी असलं की थकवा आणि अंगदुखी तर वाढतेच, शिवाय दुखणं सोसण्याची ताकदही जाते. म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय परत येऊ नका.

आता सोनोग्राफीचा कागद. बायकांना सगळ्यात जास्त घाबरवलं जातं ते याच कागदावरून, म्हणून जरा सावकाश वाचा.

कागदावर ‘बल्की युटेरस’ लिहिलं असेल तर पिशवी थोडी मोठी आहे एवढंच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी आठ-नऊ सेंटीमीटर लांब असणं नेहमीचं आहे. त्याला सूज म्हणत नाहीत आणि तो कॅन्सरही नव्हे. ‘रेट्रोव्हर्टेड’ म्हणजे पिशवी मागे झुकलेली. साधारण पाचातल्या एका बाईची जन्मतः तशीच असते. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडाशी साठलेले चिकट पाण्याचे बारीक फोड. त्यांना उपचार लागत नाही. अंडाशयात पाच सेंटीमीटरपेक्षा लहान, नुसत्या पाण्याची गाठ असेल आणि पाळी चालू असेल तर ती बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करायची. ‘फ्री फ्लुइड’ थोडं असणं अंडं फुटल्यावर दिसतंच. ‘फायब्रॉइड’ म्हणजे मांसाची गाठ. लहान असेल आणि रक्त जास्त जात नसेल तर दुखण्याचं कारण ती असेलच असं नाही. ‘पीआयडी’ हे निदान नुसत्या सोनोग्राफीवरून होत नाही, त्यासाठी हाताने तपासावं लागतं.

मात्र गाठ मोठी असेल, त्यात घट्ट भाग असेल, ‘चॉकलेट सिस्ट’ लिहिलं असेल, किंवा पाळी गेल्यावर अस्तर जाड दिसत असेल तर तो कागद बाजूला ठेवू नका.

उपचार म्हणजे काय काय

एका गोळीने जाणारं हे दुखणं नाही. तीन-चार महिने धरून, तीन-चार बाजूंनी कमी करायचं असतं. पूर्ण गेलं नाही तरी रात्री झोप लागली, रानातलं काम जमलं, लेकराला उचलता आलं, तर उपचार लागू पडतोय असं समजा.

पाळीच्या दुखण्याला साध्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड, चालतात. पण त्या कळ सुरू होताच, जेवणानंतर घ्यायच्या, दोन-तीन दिवसच. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, दमा असेल तर नकोत. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि लिव्हर-किडनीला इजा होते म्हणून भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशाराही दिला होता. मेडिकलवरून पत्तेच्या पत्ते आणून महिनोन्महिने रोज खाणं हे पोटाचं आणि किडनीचं नुकसान आहे. सलाईनने तर ओटीपोटाचं दुखणं जातच नाही. सोबतच्या इंजेक्शनने दोन दिवस बरं वाटतं एवढंच.

एंडोमेट्रिओसिस आणि जास्त रक्त जाणं यांवर हार्मोनची औषधं आहेत: डायनोजेस्टची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी. माला-एन आणि ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. यांनी पाळी कमी किंवा बंद होते आणि बायका घाबरतात, की घाण रक्त आत साठतंय. तसं काही साठत नाही. अस्तरच वाढत नाही म्हणून पाळी येत नाही. मात्र बीपी जास्त असणाऱ्या, पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन डोकं दुखणाऱ्या बाईने माला-एन स्वतःहून सुरू करू नये.

नसा हळव्या झाल्या असतील तर डॉक्टर रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत देतात. हीच गोळी जास्त मात्रेत उदासीवर वापरतात, म्हणून घरात कुणी “वेडाची गोळी दिली” म्हणालं तर घाबरून बंद करू नका.

स्नायूंसाठी फिजिओथेरपी हाच मुख्य इलाज आहे आणि तो घरी करता येतो. दिवसातून दोनदा गरम पाण्याची पिशवी किंवा गरम वाळूची पुरचुंडी ओटीपोटावर आणि कमरेवर पंधरा मिनिटं. मग उताणं झोपून, गुडघे वाकवून, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास: श्वास घेताना पोट वर, आणि खालची जागा सैल सोडायची, लघवी सोडताना सोडतो तशी. पाच-दहा मिनिटं. नंतर दोन्ही गुडघे छातीशी, आणि शेवटी बालासन. अंग बाहेर येत असेल तर याच्या उलट, लघवी रोखल्यासारखा स्नायू आवळायचा व्यायाम सांगतात. कुणाला कुठला व्यायाम, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळलं तर दुखणं वाढतं. अंग बाहेर आलेल्या बाईला रबरी रिंग बसवूनही वर्षानुवर्षं चालवता येतं, हे फार कमी जणींना सांगितलं जातं.

लघवीचं दुखणं असेल तर दोन आठवडे चहा आणि तिखट बंद करून बघा. फरक पडला नाही तर उगीच जिभेला शिक्षा नको. पाणी कमी करू नका. पोटाला खडा धरत असेल तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रात्री इसबगोल. भाकरी सोडून मैद्याच्या बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या बायका पुष्कळ दिसतात, त्यांना या एवढ्यानेही आराम पडतो.

घरात मारहाण होत असेल, बळजबरी होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे. मन फार खचलं असेल, जगू नये असं वाटत असेल तर १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही.

ऑपरेशन सांगितलं तर

पिशवी काढणं कधीच लागत नाही असं नाही. कॅन्सर असेल, रक्तस्राव औषधांनी थांबत नसेल, मोठ्या गाठी असतील, अंग पूर्ण बाहेर आलं असेल, किंवा पिशवीच्या भिंतीचा आजार बाकी सगळे उपाय करून हटत नसेल, तर ऑपरेशनने बाईचं आयुष्य सुधारतं. पण त्याआधी डॉक्टरांना हे विचारा: नेमका आजार कोणता, त्याचं नाव कागदावर लिहून द्या. औषधाने किती दिवस प्रयत्न करता येईल? नाही काढली तर काय होईल? अंडाशय ठेवणार की तीही काढणार? कॅन्सरची भीती असेल तर तुकडा तपासलाय का? उत्तर “आजच भरती व्हा” एवढंच असेल आणि रक्त वाहत नसेल, ताप नसेल, तर उठून दुसरं मत घ्यायला जा. महिनाभर थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.

पाळी जायच्या वयाआधी अंडाशयांसकट पिशवी काढली तर अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं हे सगळं लवकर मागे लागतं. अंडाशय ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. आणि दुखणं स्नायूचं, आतड्याचं किंवा नसेचं असेल तर ऑपरेशननंतरही ते तसंच राहतं, वर कर्ज.

बीडच्या प्रकारानंतर तिथल्या खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पुढे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशन रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची वेळ आली तर त्यात जास्तच काळजी घेतली जावी, असा या सूचनांचा रोख आहे. म्हणून सगळे कागद मागून घ्या: सोनोग्राफी, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड. ते तुमचे आहेत.

काही लक्षणांत मात्र कालनिर्णयावर खुणा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी चुकलेली आणि एकाएकी एका बाजूला जोराची कळ, चक्कर: गर्भ नळीत राहिला असू शकतो आणि नळी फुटली तर जीव जातो. थंडी वाजून ताप आणि ओटीपोटात असह्य दुखणं. एका तासात पॅड किंवा कापड भिजून जाईल इतकं रक्त. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त, संबंधानंतर रक्त, लघवीत किंवा शौचात रक्त, वजन घटत जाणं, पन्नाशीनंतर पोट फुगलेलंच राहणं. ही शेवटची लक्षणं त्याच दिवशीची नसली तरी आठवड्याच्या आत दाखवण्याची आहेत.

वयात आलेल्या पोरींसाठी एक सांगणं. पाळीत दर महिन्याला शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, तर “होतं असं” म्हणू नका. कुमारिकेची आतली तपासणी करावी लागत नाही, पोटावरून सोनोग्राफी होते आणि गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो. पाळीच्या दुखण्यावर उपाय म्हणून तिचं लग्न लवकर उरकू नका.

टोळी निघण्याआधी

पोळ्यानंतर सोयाबीन काढणीला येईपर्यंत रानात थोडी उसंत असते. तपासणीला हीच वेळ धरा. दिवाळीला टोळी निघाल्यावर चार-पाच महिने काहीच होत नाही. गोळ्या चालू असतील तर दोन-तीन महिन्यांच्या एकदम मागून घ्या, लोहाच्या गोळ्यांसह. अंतरा घेत असाल तर पुढच्या इंजेक्शनची तारीख कार्डावर लिहून घ्या. ते ज्या जिल्ह्यात फड असेल तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतं. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये. घट्ट झाकणाची पाण्याची बाटली कोयत्यासोबतच ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी दोघी-तिघींनी मिळून आडोशाला जा, एकटीने तुंबवून बसू नका. मोळी उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसून उचला, आणि उचलताना श्वास रोखून धरू नका, सोडत उठा. पाळीत कापड वापरत असाल तर ते धुऊन पाचटाखाली न लपवता उन्हात वाळवा. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर राज्यात १०४ नंबर लागतो. आणि वर सांगितलेल्यापैकी तातडीचं काही झालं तर मुकादमाच्या ट्रॅक्टरची वाट न बघता १०८ ला फोन लावा. फड सीमेपलीकडे कर्नाटकात असला तरी तिथेही हाच नंबर चालतो.